आरटी: कस्टम फील्ड रिकामं असेल तरच डीफॉल्ट भरायचंय, स्क्रिप कशी लिहावी?

निळीशाई

नमस्कार मंडळी. धागा रिक्वेस्ट ट्रॅकर म्हणजे आरटी या तिकिटं (आलेल्या मागण्या) सांभाळणाऱ्या प्रणालीबद्दल आहे, पण जिरा, रेडमाइन, सर्व्हिसनाऊ अशा तशाच प्रणाली वापरणाऱ्यांनीही लिहावं. दुखणं सगळीकडे सारखंच असणार.

आमच्या मदतकक्षाच्या क्यूवर (तिकिटांच्या रांगेवर) तीन कस्टम फील्ड, म्हणजे आम्ही स्वतः जोडलेल्या चौकटी, आहेत. 'विभाग' आणि 'तातडी' यादीतून निवडायची, तर 'अपेक्षित तास' या साध्या चौकटीत आकडा लिहायचा. वेबच्या फॉर्मवरून आलेल्या तिकिटात तिन्ही भरलेली असतात, मेलवरून आलेल्यात तिन्ही कोरी. आमच्याकडे बहुतेक तिकिटं मेलवरूनच येतात. विभागवार अहवाल काढला की ही कोरी तिकिटं कुठल्याच विभागात दिसत नाहीत आणि विभागांची बेरीज एकूण आकड्याला कधीच जुळत नाही.

म्हणून 'ऑन ट्रान्झॅक्शन' या अटीवर एक स्क्रिप (अट जुळली की आरटी आपोआप चालवतं तो नियम) लावली आहे. कोड शब्दांत सांगतो: फर्स्टकस्टमफील्डव्हॅल्यूने 'अपेक्षित तास'ची व्हॅल्यू घ्यायची, ती आणि ४ यांच्यामध्ये `||` टाकायचं, आणि जे हाती येईल ते अ‍ॅडकस्टमफील्डव्हॅल्यूने त्याच फील्डमध्ये लिहायचं. विभागाला 'सामान्य', तातडीला 'मध्यम', पद्धत तीच.

स्क्रिप चालते, पण तीन गोष्टी खटकतात. कोणी मुद्दाम ० तास लिहिले (फोनवरच सुटलेलं काम असतं) तर शून्य जाऊन ४ येतात. कोणी चुकीचा विभाग पुसला की दुसऱ्या क्षणी तिथे 'सामान्य' हजर. आणि स्क्रिपने केलेल्या बदलावर तीच स्क्रिप पुन्हा धावते, हे लॉगमध्ये स्पष्ट दिसतं. हे नीट कसं लिहितात?

अर्धविराम

शून्याचं आधी बघू, कारण ते सगळ्यात घातक आहे. नोंदवलेली खरी माहिती पुसली जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

पर्लमध्ये, म्हणजे आरटीच्या स्क्रिप ज्या भाषेत लिहितात तिच्यात, `||` हे 'डावीकडे काही आहे का' असं विचारत नाही, 'डावीकडचं सत्य आहे का' असं विचारतं. पर्लच्या लेखी असत्य ठरणाऱ्या गोष्टी अशा: अनडिफाइन्ड (व्हॅल्यूच नसणं), रिकामी स्ट्रिंग (स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची मालिका), आकडा ०, आणि स्ट्रिंग '०'. कस्टम फील्डमधून व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग म्हणूनच येते, त्यामुळे तुमचं शून्य या शेवटच्या खोड्यात अडकतं. गंमत बघा, कोणी ०.० असं लिहिलं असतं तर ते टिकलं असतं. '०.०' ही स्ट्रिंग पर्लला सत्य वाटते. म्हणूनच अशा चुका चाचणीत सापडत नाहीत, अगदी ठरावीक व्हॅल्यूलाच त्या वर येतात.

याला पर्लमध्ये `//` आहे. हे ५.१० मध्ये, म्हणजे २००७ साली आलं. डावीकडचं अनडिफाइन्ड असेल तरच ते उजवीकडे जातं, शून्याला हात लावत नाही. पण रिकामी स्ट्रिंगही ते तशीच सोडतं. फील्डला कधी व्हॅल्यूच दिलेली नसेल तर आरटी अनडिफाइन्ड देतं, तिथे `//` पुरेल. दुसऱ्या प्रणालीतून आयात केलेला डेटा असेल किंवा फील्डमध्ये नुसती स्पेस टाइप झाली असेल तर पुरणार नाही.

मी व्हॅल्यूची लांबी तपासतो. '०' ची लांबी १, रिकाम्याची ०, आणि पर्ल ५.१२ पासून अनडिफाइन्डची लांबी काढली तर वॉर्निंग न देता अनडिफाइन्डच मिळतं. नुसत्या स्पेसही पकडायच्या असतील तर 'स्पेस नसलेलं निदान एक अक्षर आहे का' असा रेग्युलर एक्स्प्रेशन लावायचा, पण त्याच्या आधी व्हॅल्यू डिफाइन्ड आहे ना ते बघायचं, नाहीतर लॉग 'अनइनिशियलाइज्ड'च्या वॉर्निंगांनी भरून जातो.

आणखी एक, आपल्याकडे हे घडू शकतं म्हणून सांगतो. कोणी देवनागरी शून्य टाइप केलं तर पर्लला ते सत्य वाटतं, कारण त्याचं असत्य शून्य फक्त आस्कीतलं, म्हणजे इंग्रजी कीबोर्डवरचं 0 (वर मी '०' लिहिलं तेही हेच). पुढे त्या फील्डवर गणित केलं तर देवनागरी ५ चासुद्धा शून्यच धरला जातो, वर 'न्यूमेरिक नाही' अशी वॉर्निंग. आकड्यांच्या फील्डला व्हॅलिडेशन लावा, आणि त्यात अंक म्हणजे फक्त आस्की ० ते ९ असं स्पष्ट लिहा.

कोरापाट

अर्धविराम यांना +१. उरलेल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे, अट. 'ऑन ट्रान्झॅक्शन' म्हणजे तिकिटावर काहीही घडलं की धाव: उत्तर आलं, मालक बदलला, कोणी फील्ड पुसलं, काहीही. डीफॉल्टचं काम तिकीट जन्माला येतं त्या क्षणापुरतं असतं. अट 'ऑन क्रिएट' करा. मग पुसलेला विभाग परत येणार नाही. पुन्हा धावण्याचा प्रश्नही संपेल, कारण स्क्रिप जो बदल करते तो 'कस्टमफील्ड' जातीचा ट्रान्झॅक्शन असतो, 'क्रिएट' जातीचा नाही.

'पण मग फॉर्ममध्ये भरलेल्या व्हॅल्यूंवर स्क्रिप पाणी फिरवेल का?' अशी शंका येते. नाही फिरवत. तिकीट तयार होताना आरटी फॉर्ममधली कस्टम फील्ड आधी लिहितं आणि 'क्रिएट'चा ट्रान्झॅक्शन त्यानंतर नोंदवतं. स्क्रिपची पाळी येते तोवर भरलेली फील्ड भरलेलीच दिसतात.

मांडणी अशी ठेवा. अट 'ऑन क्रिएट', अ‍ॅक्शन 'यूजर डिफाइन्ड', टेम्पलेट 'ब्लँक'. तयारीच्या कोडमध्ये फक्त १ परत करायचा. तिथून असत्य गेलं तर पुढचा कोड चालतच नाही. खरं काम कमिटच्या कोडमध्ये. तिथे फील्डचं नाव आणि डीफॉल्ट अशा जोड्यांचा एक हॅश करा आणि त्यावर लूप फिरवा: व्हॅल्यू घ्या, तिला लांबी असेल तर पुढच्या जोडीवर जा, नसेल तर लिहा. तीन फील्डसाठी तोच कोड तीनदा चिकटवू नका.

आता एक गोष्ट जी जवळजवळ सगळे सोडून देतात. अ‍ॅडकस्टमफील्डव्हॅल्यू दोन गोष्टी परत करतं, जमलं की नाही आणि एक निरोप. फील्डचं नाव चुकलं किंवा ते फील्ड त्या क्यूला लावलेलंच नसलं तर स्क्रिप कोसळत नाही. ती मुकाट पुढे जाते आणि फील्ड कोरं राहतं. दोन्ही व्हॅल्यू पकडा, आणि जमलं नसेल तर तिकिटाचा क्रमांक, फील्डचं नाव आणि तो निरोप एररच्या पातळीवर लॉगमध्ये टाका. कोणीतरी उद्या अ‍ॅडमिनमध्ये 'तातडी'चं नाव बदलून 'प्राधान्य' करेल, तेव्हा ही एक ओळ तुमचा दिवस वाचवेल.

निळीशाई

फार उपयोगी. अ‍ॅडकस्टमफील्डव्हॅल्यूच्या रेकॉर्डट्रान्झॅक्शन या पर्यायाला ० देऊन व्हॅल्यू लिहिता येते असं वाचलं होतं. ते वापरावं का?

कोरापाट

० दिलं तर व्हॅल्यू लिहिली जाते, पण तिकिटाच्या इतिहासात नोंद होत नाही आणि त्या बदलावर दुसऱ्या स्क्रिपही धावत नाहीत. इतिहास स्वच्छ राहतो. पण मग सहा महिन्यांनी 'हे मध्यम कोणी ठरवलं?' याला उत्तर उरत नाही. नोंद ठेवली तर तिथे आरटी_सिस्टिम या यंत्राच्या खात्याचं नाव येतं, आणि माणसाने निवडलेलं कोणतं, यंत्राने भरलेलं कोणतं हे इतिहास उघडल्यावर कळतं. मी नोंद ठेवण्याच्या बाजूचा आहे. एका ओळीने इतिहासाचं काही बिघडत नाही.

पहाटवारा

स्क्रिपच्या आधी एक साधा प्रश्न. तुमचं आरटी कोणत्या आवृत्तीचं आहे? २०१६ मध्ये आलेल्या ४.४ पासून कस्टम फील्डला डीफॉल्ट देण्याची सोय आरटीतच आहे, आणि ती क्यूगणिक वेगळी ठेवता येते. तिकीट तयार होताना जी फील्ड रिकामी असतील त्यांत ती व्हॅल्यू भरली जाते. तिकीट मेलवरून आलेलं असलं तरी.

तीन फील्डना तीन ठरलेल्या व्हॅल्यू, एवढंच काम असेल तर एक ओळसुद्धा कोड लागत नाही. जो कोड लिहिलाच नाही तो आवृत्ती बदलताना तपासावाही लागत नाही.

निळीशाई

५ आहे. ही सोय बघितलीच नव्हती, 'अपेक्षित तास'ला तीच लावतो. पण विभागाचं तसं नाही. मेल ज्या डोमेनवरून आला त्यावरून विभाग ठरतो. तिथे स्क्रिप लागेलच ना?

पहाटवारा

हो, तिथे लागेलच. आरटीतलं डीफॉल्ट ठरलेली व्हॅल्यू देतं, पाठवणारा बघून काही ठरवत नाही. एवढं बघा की विभागाला दोन्हीकडून डीफॉल्ट देऊ नका. आरटीने आधीच 'सामान्य' भरलं तर स्क्रिपला फील्ड कधी रिकामं दिसणारच नाही.

शून्यपूर्ण

मी अहवालांच्या बाजूने येते, म्हणून वेगळं बोलते. वरचं सगळं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण 'कसं भरायचं' याच्या आधी 'भरायचं का' हे कोणी विचारलेलं नाही, आणि मला तो प्रश्न मोठा वाटतो.

रिकामं फील्डही काहीतरी सांगत असतं. कोणी विचारलंच नाही, विचारलं पण माहीत नव्हतं, किंवा या तिकिटाला ते फील्ड लागूच नाही. डीफॉल्ट भरलं की या तिन्ही गोष्टी पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी एक उत्तर येऊन बसतं, जे कोणीच दिलेलं नाही. पुढे त्याला खऱ्या उत्तरापासून वेगळं काढता येत नाही.

'अपेक्षित तास' घ्या. समजा दहा तिकिटं आहेत. चारांवर माणसांनी अंदाज लिहिला आहे: १, २, ९ आणि १२. सरासरी ६. उरलेल्या सहा कोऱ्यांत स्क्रिपने ४ भरले. आता सरासरी ४.८. सगळी तिकिटं ४ भोवती गोळा झालेली दिसतात, म्हणजे कामं छोटी आणि एकसारखी आहेत असा निष्कर्ष निघतो. त्यावर माणसांच्या पाळ्या ठरतात. प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक तिकिटांबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही, आणि अहवाल नेमकं तेच लपवतो.

निळीशाई, तुमची मूळ तक्रार अशी होती की बेरीज जुळत नाही. त्याला डेटा बदलण्याची गरज नाही. अहवालातच कोऱ्या तिकिटांचा 'नोंद नाही' असा गट दाखवा. बेरीज जुळेल, आणि मेलवरून येणारी किती तिकिटं विभागाविना आहेत हेही दर आठवड्याला डोळ्यांसमोर राहील. आरटीच्या शोधात त्या फील्डवर 'इज नल' (व्हॅल्यूच नाही) अशी अट टाकली की कोरी तेवढी निघतात.

मेलच्या टेम्पलेटचंही तेच. ग्राहकाला जाणाऱ्या उत्तरात 'विभाग:' च्या पुढे मोकळी जागा वाईट दिसते, हे कबूल. पण डीफॉल्ट टेम्पलेटमध्येच द्या, 'व्हॅल्यू नसेल तर अद्याप ठरलेला नाही असं छाप' म्हणून. वाचणाऱ्याला नीटनेटकं दिसतं आणि तिकिटात खोटं काही साठत नाही.

पहाटवारा

शून्यपूर्ण, मुद्दा पटतो, पण मग फील्ड सक्तीचं का करू नये? आरटीत 'मँडेटरी'चं व्हॅलिडेशन तयारच असतं. भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डीफॉल्ट नको, कोरं नको.

अर्धविराम

वेबच्या फॉर्मवर हे चालेल, मेलवर नाही. मेल पाठवणाऱ्यापुढे ती चौकट कधी येतच नाही, आणि निळीशाई यांची अडचण मेलचीच आहे.

शून्यपूर्ण

आणि वेबवरही सक्तीचा एक परिणाम दिसतो. ज्याला उत्तर माहीत नाही तो यादीतली पहिली नोंद निवडून पुढे जातो. अहवालात 'अ' ने सुरू होणारा विभाग अचानक सगळ्यात व्यग्र दिसायला लागला, तर आधी ती यादी कशी लावली आहे ते बघावं. सक्ती तिथेच करावी जिथे भरणाऱ्याला उत्तर नक्की ठाऊक असतं.

दुपारपाळी

मी मदतकक्षात तिकिटं हाताळतो, त्यामुळे शून्यपूर्ण यांच्याशी थोडा वाद घालायचा आहे. तातडी कोरी ठेवून चालत नाही. आमच्याकडे पहिल्या उत्तराची मुदत तातडीवरून ठरते. तातडी कोरी असेल तर घड्याळ सुरूच होत नाही, आणि ते तिकीट कोणाच्याही यादीत वर येत नाही. रात्री मेल केलेल्या माणसाला सकाळी कोणीही पाहिलेलं नसतं, कारण यंत्राच्या दृष्टीने त्याला मुदतच नव्हती. इथे 'आम्हाला माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर देऊन त्या माणसाचं भलं होत नाही.

शून्यपूर्ण

हा मुद्दा मी मान्य करते, आणि इथेच रेषा ओढता येईल असं वाटतं. ज्या फील्डवर यंत्र लगेच काही करतं, म्हणजे मुदत मोजणं, तिकीट योग्य यादीत पाठवणं, कोणाला तरी उठवणं, त्याला डीफॉल्ट हवंच. ज्याचा उपयोग फक्त नंतर मोजायला होतो त्याला नको. तातडी पहिल्या प्रकारात, अपेक्षित तास दुसऱ्या प्रकारात.

पण तातडीतही मी 'मध्यम' भरणार नाही. यादीत 'ठरवायची आहे' अशी एक नोंद वाढवा आणि मुदतीच्या नियमात तिला मध्यमइतकाच वेळ द्या. घड्याळ सुरू होतं, आणि कोणीतरी खरंच बघून मध्यम ठरवलेली तिकिटं वेगळी राहतात.

दुपारपाळी

हे चालेल. पाळी सुरू झाली की 'ठरवायची आहे'ची यादी उघडायची आणि ती आधी रिकामी करायची, असा क्रमही लावता येईल. फक्त त्या नोंदीला 'इतर' म्हणू नका. 'इतर' म्हणजे कोणीतरी सगळे पर्याय बघितले आणि एकही बसला नाही.

बाकी प्रणालींबद्दल विचारलं होतं. आधी मी सर्व्हिसनाऊ आणि जिरा दोन्हींवर काम केलं आहे. सर्व्हिसनाऊत हे 'बिफोर' प्रकारच्या, म्हणजे नोंद साठण्याआधी चालणाऱ्या, बिझनेस रूलमध्ये करतात. करंटच्या (चालू नोंदीच्या) फील्डला व्हॅल्यू दिली की पुरे, नोंद नंतर आपोआप साठते. त्याच रूलमध्ये पुन्हा अपडेट बोलावला की रूल स्वतःलाच बोलावत राहतो. रिकामं आहे का हे बघायला फील्डवर निल नावाची मेथड आहे, ती वापरा.

सत्य-असत्याचा घोळ तिथे उलटा असतो. तिथल्या जावास्क्रिप्टमध्ये '०' ही स्ट्रिंग सत्य आहे आणि आकडा ० असत्य. गेटव्हॅल्यू स्ट्रिंग देतं, त्यामुळे टिक न केलेल्या चौकटीचा '०' सुद्धा सत्य ठरतो. पर्लमधली स्क्रिप डोळे झाकून तिकडे नेली तर जिथे भरायचं नाही तिथे भरणार नाही, पण जिथे 'नाही' समजायचं तिथे 'हो' समजेल.

जिरात ग्रूव्हीच्या स्क्रिप लिहितात तिथे `?:` सर्रास दिसतं. ते पर्लच्या `||` चंच भावंड: शून्य, रिकामी स्ट्रिंग, रिकामी यादी, सगळं असत्य. आकड्याच्या फील्डला ते लावू नका, सरळ नलशी तुलना करा. जिराच्या शोधात अजून एक खाच आहे. 'विभाग लेखा नाही' अशी `!=` ची अट टाकली तर विभाग कोरा असलेली तिकिटं निकालात येतच नाहीत. ती हवी असतील तर 'किंवा रिकामं आहे' हे वेगळं जोडावं लागतं.

अर्धविराम

ते `!=` चं एसक्यूएलमधून, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतून, आलेलं शहाणपण आहे. नलशी केलेली कुठलीही तुलना सत्यही नसते, असत्यही नसते, 'माहीत नाही' असते, आणि अट फक्त सत्य ओळी घेते. ज्यांचे अहवाल थेट डेटाबेसवरून निघतात त्यांनी आपल्या सगळ्या 'हे सोडून' अटी एकदा या नजरेने वाचाव्यात.

निळीशाई

धाग्याने मूळ प्रश्नच बदलून टाकला, आणि ते बरं झालं. आता असं करतोय: अपेक्षित तासला डीफॉल्ट नाही (वर 'लावतो' म्हणालो होतो, ते रद्द), अहवालात 'नोंद नाही'चा गट. तातडीला आरटीतलं डीफॉल्ट, 'ठरवायची आहे'. विभागासाठी 'ऑन क्रिएट'वर स्क्रिप, डोमेन ओळखीचा असेल तर विभाग, नसेल तर कोरा.

दोन प्रश्न उरलेत. एकाच तिकिटावर दोन मागणीदार वेगवेगळ्या डोमेनचे असतील तर? आणि जुन्या कोऱ्या तिकिटांचं काय करू?

कोरापाट

पहिल्याचं: रिक्वेस्टरअ‍ॅड्रेसेस सगळे पत्ते स्वल्पविरामांनी जोडून एकाच स्ट्रिंगमध्ये देतं. ते तोडा, लहान अक्षरांत आणा, प्रत्येकाचा विभाग काढा. सगळे एकाच विभागाचे निघाले तरच भरा. दोन वेगळे निघाले तर कोरं ठेवा आणि माणसाला ठरवू द्या. पहिला पत्ता धरून पुढे जाणं सोपं आहे, पण पत्त्यांचा क्रम म्हणजे काही महत्त्वाचा क्रम नव्हे.

अर्धविराम

जुन्या तिकिटांचं. बंद झालेल्यांना हात लावू नका. ज्या अहवालांवरून निर्णय होऊन गेले त्यांच्याखालचा डेटा मागाहून हलवणं वाईट. उघड्या तिकिटांपुरतं करा: 'विभाग इज नल' आणि स्थिती नवी किंवा उघडी, असा शोध. निकाल थोडे असतील तर बल्क अपडेटच्या पानावरून हाताने. जास्त असतील तर आरटी-क्रॉनटूल, हे आरटीचं कमांडवरून चालणारं साधन.

दोन्हीकडे एक बाब लक्षात असू द्या. ट्रान्झॅक्शन नोंदवला की तिकिटाची 'शेवटचा बदल' ही तारीख आजची होते. कोणी 'बरेच दिवस हलली नाहीत अशी तिकिटं' शोधून त्यांच्यामागे लागत असेल, तर त्याची यादी एका रात्रीत रिकामी होईल आणि अडलेली तिकिटं ताजी दिसतील. रेकॉर्डट्रान्झॅक्शनला ० देण्याची खरी जागा ही आहे. इतिहासाच्या बदल्यात प्रत्येक तिकिटाचा क्रमांक आणि भरलेली व्हॅल्यू वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवा.

आधी काहीही न लिहिता नुसती यादी छापून बघा: हे तिकीट, हा मागणीदार, हा विभाग भरला जाईल. ती दुपारपाळींसारख्या रोज तिकिटं हाताळणाऱ्या कोणाला तरी दाखवा. त्यांना दोन मिनिटांत चुका दिसतात.

निळीशाई

यादी छापून बघितली. एक नवीनच गोष्ट सापडली. कोऱ्या तिकिटांपैकी बरीच आमच्या क्यूत जन्मलेलीच नाहीत, दुसऱ्या क्यूतून हलवलेली आहेत. त्या क्यूला विभाग हे फील्डच लावलेलं नाही. म्हणजे 'ऑन क्रिएट'ची स्क्रिप त्यांच्यावर कधी धावणारच नाही.

कोरापाट

बरोबर निदान. 'ऑन क्यू चेंज' अशी अट तयार असते. तिच्यावर दुसरी स्क्रिप लावा, तिकीट तुमच्या क्यूत येतंय ना ते तपासा, आणि पुढे तोच कोड. फील्ड रिकामं असेल तरच भरायचं हा नियम असल्यामुळे एकच तिकीट दोनदा ये-जा करून आलं तरी माणसाने भरलेलं तसंच राहील. मात्र कोणी मुद्दाम पुसून मग क्यू बदलला तर विभाग पुन्हा भरला जाईल. मला ते चालण्याजोगं वाटतं, कारण नव्या क्यूत विभाग नव्यानेच ठरतो.

तोच कोड दोन स्क्रिपमध्ये चिकटवण्याऐवजी आता त्याची एक अ‍ॅक्शन करा. आरटीच्या लोकल फोल्डरमधल्या लिबमध्ये, आरटी आणि अ‍ॅक्शन या नावांच्या फोल्डरखाली एक मॉड्यूल ठेवायचं, त्यात तयारी आणि कमिट अशा दोन मेथड. डेटाबेसमध्ये तिची एकदा नोंद केली की अ‍ॅक्शनच्या यादीत ती दिसते आणि दोन्ही स्क्रिप तिलाच बोलावतात. जुन्या तिकिटांसाठी क्रॉनटूललाही हीच अ‍ॅक्शन देता येते. फक्त तिथे नोंद नको असल्यामुळे 'ट्रान्झॅक्शन नोंदवायचा की नाही' हे अ‍ॅक्शनच्या आर्ग्युमेंटमधून घ्या, कोडमध्ये पक्कं लिहू नका.